हंपी: दिवसात उरकायचं की मुक्काम करायचा?

जवळ पन्नास रुपयांची नवी, निळसर नोट असेल तर जरा काढा आणि उलटी करून बघा. मागच्या बाजूला दगडी रथाचं चित्र दिसेल. तो रथ कर्नाटकात हंपीला आहे, विठ्ठलाच्या देवळासमोर. आमच्या गटात दर बैठकीला अशा नोटा मोजल्या जायच्या, पण मागे काय छापलंय हे बघायला कुणाला सवड नव्हती. एकदा हिशेब लिहिता लिहिता एकीनं विचारलं, "ह्यो रथ कुठला गं?" तिथून आमची सहल सुरू झाली.

हंपीला आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा एका दिवसात जाऊन आलो. दुसऱ्यांदा एक रात्र राहिलो. म्हणून आज हंपीची माहिती आम्ही थोडीच सांगणार आहोत. जास्त बोलणार आहोत ते या प्रश्नावर: लांबचं, जुनं, पसरलेलं ठिकाण बघायचं असेल तर दिवसात परतायचं की मुक्काम करायचा, हे गटानं ठरवायचं कसं? कारण आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर गेला. कुठं जायचं ते दहा मिनिटांत ठरलं होतं.

आधी पहिल्या सहलीचं सांगतो. आमचं गाव सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. हंपी आमच्यापासून अंदाजे ३०० किलोमीटर. "मुक्काम नको बाई, घरचे सोडत नाहीत" असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. मग असं ठरलं की रात्री जेवणं उरकून दहाला निघायचं, पहाटे पोचायचं, दिवसभर बघायचं आणि दुपारी निघून रात्री घरी. कागदावर झकास दिसत होतं. खोलीचं भाडं वाचलं आणि घरच्यांना सांगायला "एकाच दिवसाची सहल" हा शब्दही मिळाला.

प्रत्यक्षात काय झालं? बसल्या जागी रात्रभर कुणाला झोप नाही. पहाटे साडेपाचला अंधारात उतरलो, तर तोंड धुवायला आणि बाथरूमला कुठं जायचं हाच पहिला प्रश्न. दोघींची पाळी चालू होती, त्यांचे हाल तर विचारू नका. विरूपाक्षाचं दर्शन झालं. विठ्ठल मंदिराकडे पोचेपर्यंत अकरा वाजले आणि ऊन चढलं. हंपी म्हणजे नुसता दगड. पायाखाली दगड, डोक्यावर दगडांचे डोंगर, आणि सगळे तापलेले. आमच्यातल्या दोन मावशी एका झाडाखाली ज्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. बाकीच्या आम्ही एवढ्या पेंगलेल्या होतो की गाईड काय सांगतोय ते कानात जाईना. तीनला परत निघालो.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ड्रायव्हर आदल्या दिवशी लग्नाचं भाडं करून तसाच आमच्या गाडीवर आला होता. रात्रभर गाडी चालवली, दिवसा आम्ही फिरत असताना तासभर सीटवर आडवा झाला असेल. परतताना रात्री नऊच्या सुमाराला गाडी रस्ता सोडून खडीवर उतरली. त्याचा डोळा लागला होता. पुढच्या सीटवर बसलेली आमची एक बाई ओरडली म्हणून तो दचकून जागा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडीत दहा मिनिटं कुणी बोलत नव्हतं. त्याला चहा पाजला, अर्धा तास गाडी थांबवली आणि मग हळूहळू आलो. दोष त्या पोराला एकट्याला कसा द्यायचा? दिवसाचा आराखडा आम्हीच तसा आखला होता. घरी आम्ही हे पुष्कळ दिवस सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची सहल तिथंच संपली असती.

नंतर बैठकीत आम्ही हे सगळं शांतपणे मांडलं. तेव्हा ध्यानात आलं की आम्ही दिवस कॅलेंडरवर मोजला होता, तो तासांत मोजायला हवा होता. ३०० किलोमीटर म्हणजे चहापाण्यासह सहा-सात तास. जाऊन-येऊन तेरा-चौदा. चोवीसातले चौदा तास गाडीत गेल्यावर राहिले दहा, त्यातली झोप रस्त्यावर सांडलेली. म्हणजे दोन रात्री आम्ही घराबाहेरच काढल्या होत्या. फक्त पाठ टेकायला खाट नव्हती आणि आडोसा नव्हता, एवढाच फरक. 'मुक्काम नको' म्हणून आम्ही जे केलं तो मुक्कामच होता, रस्त्यावरचा.

तेव्हापासून आमच्या गटाचा एक ठोकताळा आहे. जाऊन-येऊन सात-आठ तासांच्या आत असेल तर एक दिवस पुरे, पहाटे निघा आणि रात्री घरी या. आमच्याकडून विजापूर दोन-अडीच तासांवर, त्यामुळे गोलघुमट बघायला मुक्कामाची काही गरज नाही. नळदुर्गचा किल्लाही तसाच. आठ तासांच्या वर गेलं की मुक्काम, नाहीतर ते ठिकाण यादीतून काढून टाकायचं. मधला मार्ग, म्हणजे रात्रभर प्रवास आणि दिवसभर फिरणं, आम्ही बंद केला आहे.

पण नुसतं अंतर मोजून भागत नाही. ठिकाण केवढं आहे आणि ते एका जागी आहे की विखुरलेलं, हेही बघावं लागतं. हंपी ही विजयनगरच्या राज्याची राजधानी होती. १३३६ साली हे राज्य उभं राहिलं. कृष्णदेवरायाच्या काळात, म्हणजे १५०९ ते १५२९ या वर्षांत, त्याची भरभराट झाली. त्या सुमारास आलेल्या दोमिंगो पाइश नावाच्या पोर्तुगीज प्रवाशानं इथले बाजार, बागा आणि पाण्याचे कालवे बघून भरभरून लिहून ठेवलंय. १५६५ साली दख्खनच्या सुलतानांशी तालिकोटची लढाई झाली. त्यात विजयनगर हरलं आणि हे शहर लुटलं गेलं, ओस पडलं. म्हणजे आपण बघायला जातो ते एखादं देऊळ नाही, अख्खं मोडलेलं शहर आहे. चाळीसेक चौरस किलोमीटरांत सोळाशेहून जास्त अवशेष पसरलेत. १९८६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपली तीन-चार गावं शिवारासकट एकत्र केली तर जेवढा पसारा होईल, तेवढ्यात देवळं, बाजाराचे ओटे, तलाव, हत्तींचे तबेले, राण्यांचे महाल. हे पाच तासांत बघायचं म्हणजे गाडीतून बोट दाखवत जायचं.

दुसऱ्यांदा मुक्कामाची गोष्ट निघाली तेव्हा पहिला आक्षेप पैशाचा आला. तो आम्ही वहीवर सोडवला आणि सगळ्यांनाच नवल वाटलं. आमच्या भागातले गाडीवाले दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटरचे पैसे धरतात, आणि रात्री बारानंतर तारीख बदलली की दुसरा दिवस मोजतात. आमच्या पहिल्या 'एका दिवसाच्या' सहलीचे त्यानं दोन दिवसच लावले होते! टेम्पो ट्रॅव्हलर, टोल, कर्नाटकचा परवाना आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून तेव्हा २०,८०० रुपये झाले. आम्ही सोळा जणी, म्हणजे डोक्यावर १,३००. मुक्कामाला तोच आकडा २१,६०० झाला, म्हणजे १,३५०. फरक पन्नासाचा. चार खोल्या १,६०० प्रमाणे ६,४०० रुपये, एका खोलीत चौघी, डोक्यावर ४००. जास्तीच्या जेवणा-नाश्त्याचे २५० धरले. एवढं सगळं धरून मुक्काम दर बाईमागे ७०० रुपयांनी महाग पडला. आपल्या भागात गाडीचा दर वेगळा असेल, खोलीचाही असेल. तरी भाव करताना "किती दिवस धरणार, किती किलोमीटर धरणार, तारीख कधी बदलणार" हे तीन प्रश्न आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

हे पैसे गटाच्या बचतीतून काढायचे नाहीत, सहलीसाठी अंतर्गत कर्जही द्यायचं नाही, असा ठराव आम्ही इतिवृत्तात लिहून ठेवला. दर महिन्याला २०० रुपये वेगळ्या डब्यात टाकले. अकरा महिन्यांत २,२०० झाले. ज्यांना महिन्याला जमत नव्हतं त्यांनी मजुरीच्या आठवड्याला पन्नास पन्नास टाकले. वही वेगळी, डबा वेगळा. नाहीतर सहल गोड होते आणि वर्षाअखेरचा हिशेब कडू.

पैशाचा प्रश्न वहीवर सुटला. रात्रीचा प्रश्न घराघरात जाऊन सोडवावा लागला.

इथं आम्हाला एक बोलायचं आहे. आपल्याकडची बाई आषाढी वारीला पंधरा-वीस रात्री घराबाहेर असते. शाळेच्या पडवीत झोपते, राहुटीत झोपते, आणि घरचेच तिला पिशवी भरून देतात. दवाखान्यात कुणाजवळ थांबायचं असेल तर महिनाभर फरशीवर झोपते, तेव्हाही कुणी विचारत नाही. मग चार बायका मिळून स्वतःच्या आनंदासाठी एक रात्र बाहेर राहतो म्हटल्यावरच "रात्री कशाला?" का निघतं? आम्ही हे भांडण म्हणून नाही, प्रश्न म्हणून विचारलं. दोन घरांत सासऱ्यांनी हसून "जा" म्हटलं. एका घरात दार लावून घेतलं.

बहुतेक ठिकाणी मात्र अडचण मनाची कमी आणि कामाची जास्त होती. म्हशीची धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार, पोरांचे डबे, म्हाताऱ्यांच्या गोळ्या. पेरणीत सावड करतो तशीच आम्ही सहलीची सावड केली. ज्या येणार नव्हत्या त्यांनी येणाऱ्यांच्या धारा वाटून घेतल्या, आणि बदल्यात त्यांच्या शेतावर आम्ही एकेक दिवस जायचं ठरलं. मुहूर्त कामाच्या मधल्या फटीतला धरला: ज्वारीची खुरपणी उरकलेली, काढणी अजून लांब, म्हणजे डिसेंबरचा शेवट ते मकरसंक्रांत. थंडीमुळे हंपीला जायलाही हेच दिवस चांगले. मार्चनंतर तिथला दगड अनवाणी पायांना सोसत नाही. मात्र शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळा. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दर दुप्पट.

घरच्यांना आम्ही एक कागद दिला. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, लॉजचं नाव आणि फोन, कोण कुठल्या खोलीत, कधी निघणार, कधी येणार, आणि रात्री आठला घरी फोन करणार. बैठकीत रोजची हजेरी लिहितो तसंच. या कागदानं जे काम केलं ते आमच्या दहा वेळा समजावण्यानं झालं नव्हतं. एक सासूबाई कागद बघून म्हणाल्या, "मग मलाच न्या की." त्यांना नेलं. सुनेला सोडायचं की नाही हा प्रश्नच मिटला.

मुक्कामासाठी आम्ही होस्पेटला उतरलो. हंपीपासून ते तेरा किलोमीटर. रेल्वे स्टेशन तिथंच आहे, दवाखाने आहेत, साधं जेवण मिळतं. हंपीच्या गावातही घरगुती खोल्या मिळतात, पण सोळा जणी एका छताखाली राहायच्या तर होस्पेट सोयीचं. खोली ठरवताना फोटोवर जाऊ नका. फोनवर विचारा: बाथरूम खोलीतच आहे का, आतून कडी नीट लागते का, सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का, सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का. शेवटचा प्रश्न आम्ही आता सगळ्यांत आधी विचारतो. आधार कार्ड प्रत्येकीनं मूळच घ्यायचं. आमच्यातल्या दोघींची कार्डं घरातल्या पेटीत नवऱ्यांकडे होती. ती आधीच काढून घेतली.

तर दुसऱ्या वेळचा आमचा क्रम असा झाला. पहाटे पाचला निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बरोबर. वाटेत इरकल लागतं. आपल्या आज्या नेसायच्या ती इरकली लुगडी ज्या गावाच्या नावानं ओळखली जातात, तेच हे गाव. तिथं आम्ही 'दहा मिनिटं' थांबलो आणि पाऊण तास लागला, तेवढा वेळ आधीच धरून ठेवा. बाराच्या पुढे होस्पेट. जेवण, तासभर पाठ टेकली. उन्हं उतरल्यावर विरूपाक्षाला गेलो. सगळं शहर मोडलं तरी या देवळात आजही पूजा चालू आहे. त्याच्या आतल्या एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. लहान भोकातून उजेड आत येतो आणि समोरचं चित्र उलटं पडतं, चमत्कार काही नाही, पण बघायला मजा येते. उजेड चांगला हवा, म्हणून तिथं सूर्य वर असतानाच जा. मग शेजारच्या हेमकूट टेकडीवर चढलो. चढ सोपा आहे, गुडघे दुखणाऱ्या मावशीसुद्धा धरून धरून वर आल्या. तिथं दिवस मावळेपर्यंत बसलो. घड्याळ बघायचं नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झालेल्या एका बाईनं सांगितलं की सूर्य मावळताना ती रोजच बघते, पण चूल न पेटवता बघितला तो पहिल्यांदाच.

तिकिटाचं दुसऱ्या दिवशी ठेवलं, आणि ते मुद्दाम. विठ्ठल मंदिर, राणीवशाचा भाग आणि कमलापूरचं संग्रहालय यांना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवशी. आम्ही गेलो तेव्हा ते ४० रुपये होतं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. संध्याकाळी उशिरा तिकीट काढलं तर निम्मं वाया. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. सकाळी लवकर विठ्ठल मंदिराला पोचलो. गाडी लांब थांबवावी लागते, पुढे बॅटरीची गाडी नेते. वयस्कर बायकांना तिच्यात बसवा, हट्टानं चालायला लावू नका.

आणि विठ्ठल मंदिरात आमच्या बायका गप्प झाल्या. एवढं देखणं देऊळ, नोटेवरचा रथ समोर, खांब वाजतात म्हणून नाव झालेला मंडप, पण आत गाभारा रिकामा. मूर्ती नाही. आपल्याकडे परंपरेनं सांगतात की कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा इथं आणला होता आणि पैठणचे भानुदास महाराज, म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा, त्याला परत पंढरपूरला घेऊन आले. इतिहासाचे अभ्यासक यावर वेगवेगळं बोलतात. आमच्या बायकांनी मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघून हात जोडले. कुणीतरी हळूच भजन धरलं. पहिल्या सहलीत याच जागी आम्ही पंधरा मिनिटांत फोटो काढून निघालो होतो, गाभारा रिकामा आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. रथावर चढायला आणि खांबांवर टिचक्या मारायला मनाई आहे, ती पाळा.

तिथून कमळमहाल, हत्तींचे तबेले, महानवमीचा चौथरा, पायऱ्यांची पुष्करणी. आम्हाला जास्त आवडली ती दगडात कोरलेली ताटं. पाण्याच्या पाटाच्या दोन्ही कडांना ओळीनं ताटं, त्यात वाट्यांच्या जागासुद्धा. घासायची कटकट नाही, पाणी सोडलं की झालं, असं एकजण म्हणाली आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. विजयनगरच्या काळातल्या काही कालव्यांचं पाणी आजही तिथल्या केळी-भातांना जातं. ते बघायला आम्ही जास्त वेळ थांबलो. पाण्यासाठी वणवण केलेल्या बायकांना राजवाड्यापेक्षा कालवा मोठा वाटला तर नवल नाही.

अंजनाद्रीची टेकडी आम्ही सोडली. हनुमानाचा जन्म तिथला अशी श्रद्धा आहे, सगळ्यांना जायचं होतं, पण ती नदीपलीकडे आहे आणि पायऱ्या पावणेसहाशेच्या घरात. ते करायचं तर दुसरा मुक्काम हवा. तुंगभद्रेत आंघोळीला उतरायचं नाही हेही गाडीतच सांगून ठेवलं होतं. दगड शेवाळलेले असतात आणि पाण्याला ओढ असते.

दुपारी दोनला निघालो, रात्री साडेनऊला गावात. ड्रायव्हर रात्री आठ तास झोपला होता. पुढच्या सीटवर मात्र आम्ही पाळीपाळीनं जागी बाई बसवत होतो, ती सवय आता मोडणार नाही.

अजिंठा-वेरूळचं पुढच्या हिवाळ्यात ठरतंय. आमच्याकडून छत्रपती संभाजीनगर लांब, म्हणजे मुक्काम नक्की. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, आणि दोन्ही दोन दिशांना, म्हणून बुधवार-गुरुवार धरलाय. ज्या घरात दार लावून घेतलं होतं, तिथल्या बाईनं यंदाही डब्यात दर महिन्याला २०० टाकलेत. येता येईल का ते तिलाही माहीत नाही. आम्ही तिची जागा गाडीत धरली आहे. यंदा कागद घेऊन तिच्या सासूबाईंकडे आम्ही जाणार नाही, मागच्या खेपेला आमच्याबरोबर आलेल्या त्या सासूबाई जाणार आहेत.